उजनीतल्या बोटीवर लिथियम बॅटरी: आठ महिन्यांचा अनुभव

मामांची बोट करमाळ्याच्या बाजूला उजनी धरणाच्या पाण्यात असते. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे चारला उचलायची. इंजिन दोरी ओढून चालू होतं, सेल्फ नाही. त्यामुळे बॅटरी लागते ती फक्त दिव्याला, तळातलं पाणी काढणाऱ्या पंपाला आणि मोबाइलला. एवढ्याशा कामासाठी साडेचार वर्षांत ॲसिडच्या तीन बॅटऱ्या बसल्या. दर वेळी तेच: चार-सहा महिने बरी चालते, मग चार्जिंग धरत नाही.

तिसरी बॅटरी मी सोलापुरात आणून दाखवली. दुकानदाराने लोड टेस्टर (बॅटरीवर मोठा भार टाकून ती तपासायचं यंत्र) लावला आणि सेल गेलाय, बदला म्हणाला. दिवाळीनंतर मी १२.८ व्होल्ट ६० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, १०० वॉटचं सोलर पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून चार्जिंग सांभाळणारा डबा) घेतला. जुन्या बॅटरीच्या जवळपास दीडपट पैसे एकट्या बॅटरीला गेले.

तीन आठवड्यांनी मामांचा फोन आला. "आरं, ही पण गेली की."

रविवारी गेलो. दोन दिवस कडक ऊन होतं, तरी बॅटरीच्या मोबाइल ॲपवर ती ३८ टक्केच दाखवत होती. कंट्रोलर मात्र 'फुल' म्हणत होता. दोघांपैकी एक खोटं बोलतोय हे उघड होतं, म्हणून मल्टिमीटर काढला. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.३ व्होल्ट. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.४. मधल्या चार मीटर वायरमध्ये जवळपास एक व्होल्ट जिरत होता. कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलवर मोजतो, त्यामुळे बॅटरी भरली असं समजून तो वेळेआधीच करंट कमी करत होता.

मग चार्जिंग चालू ठेवूनच एक प्रोब कंट्रोलरच्या निगेटिव्हवर धरला आणि दुसरा वायरीवरून एकेका जोडापाशी टेकवत गेलो. पहिल्या जोडापर्यंत ०.०४ व्होल्टचा फरक. मागच्या फळीखालच्या जोडाच्या पलीकडे थेट ०.७. काळी टेप सोडवली तर आतलं थिंबल (वायरीच्या टोकाला बसवलेलं धातूचं टोक) वरून चांगलं दिसत होतं, पण जरा ओढल्यावर हातात आलं. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या आणि त्यावर हिरवा कीट. वायर सोलत गेलो तर प्लॅस्टिकच्या आतही बोटभर काळेपणा होता, म्हणजे पाणी तारांच्या मधून आत चढलं होतं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत वायर कापली. उरलेला फरक प्लसच्या फ्यूज होल्डरमध्ये सापडला, त्याची पट्टी हिरवी झाली होती.

हीच वायर पूर्वी इंजिनाच्या चार्जिंग कॉइलकडून जुन्या बॅटरीकडे जात होती. आमची कॉइल इंजिन भरधाव असताना जेमतेम ५ अँपिअर देते, जाळ्याभोवती सावकाश फिरताना त्याहून कितीतरी कमी. त्यातही एक व्होल्ट वाटेत गेला तर ॲसिडची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि शेवटी ती खरोखरच मरते. पहिल्या दोन बॅटऱ्या मेल्या होत्या हे खरं, पण त्यांना मारलं होतं या जोडाने. तिसरी घरी दोन दिवस कमी करंटवर चार्ज केली. रात्रभर नुसती ठेवल्यावर १२.५ व्होल्ट दाखवले. ॲसिडच्या बॅटरीला भरलेली असताना १२.६ ते १२.७ आणि अर्धी असताना १२.२ च्या आसपास यायला हवेत, म्हणजे ती बऱ्यापैकी जिवंत होती. लोड टेस्टर अर्धवट भरलेल्या बॅटरीला लावला की चांगली बॅटरीही नापास होते, हे दुकानात कुणी सांगितलं नाही. मामांचे पैसे गेले त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता कॉइल त्या जुन्या बॅटरीलाच जोडली आहे आणि पंप तिच्यावर आहे. दिवा आणि मोबाइल लिथियमवर. कॉइल लिथियमला मुद्दाम जोडली नाही, कारण चार्जिंग चालू असताना बॅटरीतल्या बीएमएसने, म्हणजे तिला जपणाऱ्या आतल्या सर्किटने, अचानक तोडलं तर व्होल्टेज उसळून इंजिनाचा रेग्युलेटर जाऊ शकतो. सेल्फवाल्या इंजिनाला अशी बॅटरी लावणाऱ्यांनी बीएमएस किती करंट सोडते ते आधी बघा.

वजन हा या बॅटरीचा सगळ्यात मोठा फायदा, आणि तो मला मे महिन्यात कळला. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे धरणाचा उपयुक्त साठा संपला, की पाणी लांब सरकतं, बोटीपर्यंत चिखलातून चालावं लागतं. जुनी बॅटरी काठीला बांधून दोघं उचलायचे. ही साधारण ७ किलोची, मामा पिशवीत घालून नेतात.

तक्रारी दोन. व्होल्टमीटर बघून ही बॅटरी किती उरली ते कळत नाही. ७० टक्के असो की ४०, आकडा १३.२ च्या आसपासच राहतो, म्हणून ॲपशिवाय अंदाज येत नाही, आणि मामांना ॲप जमत नाही. दुसरी उन्हाची. बॅटरीवर चार्जिंगसाठी ६० अंशांची मर्यादा छापली आहे. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत दुपारी तापमान तिथवर गेलं आणि चार्जिंग बंद पडलं. पेटीला पांढरा रंग दिला, दोन बाजूंना भोकं पाडली, आता ५० च्या आसपास राहतं.

२०२४ च्या मे महिन्यात उजनीतच कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्यात बॅटरीचा काही संबंध नव्हता, पण तेव्हापासून दिवा आणि पंप चालवून बघितल्याशिवाय मामा अंधारात बोट सोडत नाहीत. या आठ महिन्यांत, जोड बदलल्यानंतर, दिवा एकदाही मंद झाला नाही.

नवीन वायर टिनचा मुलामा असलेली घेतली, थिंबल क्रिंप करून (दाबून घट्ट बसवून) वर चिकटणारी हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली. दर महिन्याला कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यातला फरक मोजून पेटीच्या झाकणावर खडूने लिहितो. गेल्या रविवारचा आकडा ०.०६ व्होल्ट.