तयार प्रसूती बॅग : बाळाचे सामान भरपूर, आईचे अपुरे

प्रसूतीसाठी रुग्णालयात न्यायचे सगळे सामान एकत्र भरून मिळणारी तयार बॅग मी गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यात मागवली आणि बाळंतपणात प्रत्यक्ष वापरली. तिचे काही गुण मनापासून सांगण्यासारखे आहेत, पण त्रुटीही तितक्याच गंभीर आहेत.

आधी बॅगेविषयी. तिची चेन तिन्ही बाजूंनी फिरते, त्यामुळे झाकण पुस्तकासारखे पूर्ण उघडते आणि जाळीच्या कप्प्यांतले सामान वरूनच दिसते. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण कळा सुरू झाल्यावर किंवा सिझेरियननंतर बॅगेतून वस्तू काढून देणारी व्यक्ती आई नसते. ज्याने बॅग भरलेली नाही, त्याला मंद उजेडात, काहीही न उपसता टोपरे सापडले पाहिजे. या बॅगेत ते सापडते.

बाळाच्या कप्प्यातली मऊ सुती दुपटी आणि पुढून बांधायची झबली उत्तम आहेत. नवजात बाळाचे अंग ओले असते आणि ते झपाट्याने गार पडते, म्हणून त्याला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात व वरून पांघरतात. त्या वेळी दुपटे हाताशीच लागते. मात्र याच कप्प्यात साबण, शाम्पू, पावडर, दुधाची बाटली आणि चोखणी कशासाठी भरली आहे, हे मला समजू शकले नाही. बाळाची पहिली अंघोळ शक्यतो 24 तास पुढे ढकलावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पावडरीचे बारीक कण श्वासावाटे बाळाच्या फुप्फुसांत जाऊ शकतात. स्तनपान पहिल्या तासात सुरू व्हावे, यासाठी सगळे प्रयत्न करत असताना बाटली आणि चोखणी आधीच समोर मांडून ठेवणे मला अयोग्य वाटते. वरचे दूध देण्याची वेळ आलीच, तर ते कसे द्यायचे हे डॉक्टर सांगतात.

आईचा कप्पा पाहून मात्र वाईट वाटले. त्यात सहाच पॅड आहेत आणि तेही पाळीत वापरतात तसे पातळ. प्रसूती नैसर्गिक असो वा सिझेरियन, त्यानंतरचा रक्तस्राव काही आठवडे चालतो आणि सुरुवातीच्या दिवसांत तो सर्वाधिक असतो, त्यामुळे लांब व जाड पॅडचे दोन पुडे तरी हवेत. पॅडच हवेत, कारण योनीच्या आत ठेवायचे टॅम्पॉन किंवा मासिक पाळीचा कप या काळात वापरल्यास जंतुसंसर्गाचा धोका असतो. शिवाय तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, तर ते वेळीच लक्षात येऊन डॉक्टरांना कळवता येते. सोबतच्या अंतर्वस्त्रांचे इलॅस्टिक नेमके सिझेरियनच्या टाक्यांवर येते. ती बेंबीच्या वर पोहोचणारी, सैल आणि सुती हवी होती. गाऊनची बटणे कमरेपर्यंत असल्याने बाळाला पाजणे सोपे जाते, ही यातली एकमेव विचारपूर्वक निवडलेली वस्तू म्हणता येईल.

कागदपत्रांसाठी बॅगेत वेगळा कप्पाच नाही. सोनोग्राफीचे आणि रक्ताचे अहवाल, विशेषतः रक्तगटाचा अहवाल, सर्वांत वर राहायला हवा. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास तिला प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका होऊ नये म्हणून दिले जाणारे) द्यावे लागते, आणि अशी माहिती कपड्यांच्या तळाशी जाऊन चालत नाही.

नुसती रिकामी बॅग वेगळी मिळत असेल, तर ती निःसंकोच घ्यावी. भरलेली बॅग कोणी भेट दिली, तर बाळाच्या कप्प्यातून बाटली, चोखणी, पावडर आणि साबण-शाम्पू काढून त्या जागी जाड पॅड, सैल अंतर्वस्त्रे, न घसरणाऱ्या सपाता आणि लांब वायरचा चार्जर ठेवावा. हे काम 35व्या आठवड्यापर्यंत उरकलेले बरे, कारण 37 आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मणारी बाळेही कमी नसतात.