नॉबी की फिफ्टी-फिफ्टी? निर्णय टायरमधल्या हवेवर अडतो

नॉबी म्हणजे उंच, विरळ बटणांचा मातीचा टायर; फिफ्टी-फिफ्टी म्हणजे अर्धा डांबरासाठी, अर्धा मातीसाठी. ही तुलना कोणासाठी, ते आधी सांगतो. पुढे २१, मागे १८ इंचाचं तारांचं चाक, ट्यूबवाला टायर, गाडी हीरोच्या एक्सपल्स मोटरसायकलसारखी, आणि कच्च्या वाटेला लागण्याआधी पन्नास-साठ किलोमीटर डांबर. ज्यांची गाडी टेम्पोत बसून ट्रॅकवर जाते त्यांनी डोळे मिटून नॉबी घ्यावेत, त्यांच्यासाठी हा प्रश्नच नाही.

नॉबी म्हणजे इथे पिरेली एमटी २१ किंवा डनलॉप डी६०६ जातीचे, रस्त्यावर चालायला परवानगी असलेले. ज्या मोटोक्रॉस टायरच्या कडेवर 'एनएचएस' छापलेलं असतं ते रस्त्यासाठी नाहीतच, स्वस्त मिळाले तरी बाजूला ठेवा. फिफ्टी-फिफ्टीत कॉन्टिनेन्टल टीकेसी ८०, मितास ई-०७ हे नमुने धरले आहेत. ब्रँडपेक्षा इथे जात महत्त्वाची.

चिखलात वाद नाही. मावळात जुलैमध्ये बैलगाडीच्या चाकोरीतून चढायचं असेल, तर नॉबीची उंच, विरळ बटणं माती कापतात आणि थ्रॉटल दिला की ती फेकूनही देतात. फिफ्टी-फिफ्टीच्या खाचा उथळ असतात. पंचवीस-तीस मीटरांत त्या लिंपल्या जातात आणि पुढचं चाक हँडल वळवूनही सरळच जात राहतं. काळ्या रानात मात्र दोघांचाही भोपळा होतो. तिथे माती टायर आणि मडगार्डच्या मधे दाबून बसते आणि चाकच फिरेनासं होतं. त्यावर उपाय टायर नाही, उंच लावलेलं पुढचं मडगार्ड आहे.

कोरड्यात फरक वाटतो तितका नाही. सुट्या मुरमावर नॉबी थोडा सरस. पण दगडावर आणि कोकणातल्या ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर बटणांची फक्त टोकं टेकतात, म्हणजे रबर कमी टेकतं. शिवाय मऊ मातीसाठीच्या टायरचं रबर बहुधा कडक असतं आणि कडक जमिनीसाठीच्या टायरचं मऊ. दुकानात 'सॉफ्ट टेरेन' ऐकून मऊ रबर समजणारे बरेच भेटतात. ओल्या जांभ्यावर माझा कौल फिफ्टी-फिफ्टीला, उन्नीस-बीसनेच का होईना. (सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलांनी भरलेल्या सड्यावर कुठलाच टायर नेऊ नका.)

इथपर्यंत पारडं नॉबीकडेच झुकतं. माझं मत फिरलं ते हवेवरून.

नॉबीचा खरा फायदा हवा उतरवल्यावर मिळतो. २५ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर ताठ राहतो, बटणं दगडावरून उड्या मारतात, आणि तुम्ही फक्त आवाजाचे पैसे भरता. १२ ते १५ वर टायर पसरतो, जमिनीचा आकार घेतो, तेव्हा तो चढतो. पण इतक्या कमी हवेवर टायरची कड रिमला घट्ट धरून राहत नाही. थ्रॉटल दिला की रिम फिरते, टायर मागे राहतो, आणि टायरबरोबर आतली ट्यूबही सरकते. व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तो तिरका होतो आणि काही किलोमीटरांत मुळापासून उपटून निघतो. त्या जागी पॅच बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

उपाय रिम लॉक, म्हणजे टायरची कड आतून रिमला आवळून धरणारा बोल्टाचा तुकडा. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या रिमला त्याचं भोकच नसतं. रिमच्या रुंदीप्रमाणे १.६०, १.८५ किंवा २.१५ इंचाचं लॉक आणायचं, व्हॉल्व्हपासून लांब, दोन तारांच्या मधे ८ मिमीच्या बोल्टसाठी भोक पाडायचं, कडा कानशीने घासून काढायच्या, नाहीतर ट्यूब तिथेच कापते. मग चाकाचा तोल जातो. ऐंशीच्या पुढे गाडी उडल्यासारखी वाटते, म्हणून समोरच्या बाजूला चिकटवायची वजनं. एवढं करूनही प्रत्येक फेरीत डांबर संपल्यावर हवा सोडा आणि परतताना २२-२५ पर्यंत भरा. छोट्या हातपंपाने मागच्या चाकाला शंभरावर झटके लागतात. भरण्याचा कंटाळा करून १४ वर साठच्या वेगाने घाट उतरलात, तर टायर तापतो, गाडी वळणात डुलते, आणि पहिल्याच खड्ड्यात ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटून तिला दोन शेजारी-शेजारी भोकं पडतात.

फिफ्टी-फिफ्टीला दगडात २० आणि डांबरावर २५-२८ पुरतं. २० वर ठेवूनही सावकाश परत येता येतं. माझ्या वापरात २० वर व्हॉल्व्ह सरळ राहतो, १५ वर राहत नाही. हे मोजमाप नव्हे, पण मला पुरेसं आहे. तुमचं वजन, गाडी, चढ वेगळे असतील, तर आकडा दोन-तीनने इकडे-तिकडे होईल. हवा थंड टायरवर बघा आणि हवा मोजायचा ३० पर्यंतचा छोटा गेज ठेवा, पंपावरचा गेज इतक्या खाली भरवशाचा नसतो.

झिजेबद्दल थोडक्यात. मागचा नॉबी डांबरावर दोन-अडीच हजार किलोमीटरांत मधून सपाट होतो, फिफ्टी-फिफ्टी त्याच्या दुप्पट सहज जातो. नॉबीच्या बटणांची पुढची धार गोल झाली की काही टायर उलटे फिरवून बसवता येतात, मात्र कडेवरचा बाण बघून. पुढचा नॉबी जास्त टिकतो, पण ब्रेकमुळे बटणांना पायऱ्या पडतात आणि हँडल थरथरतं.

मापात (रुंदी मिमीत / उंची रुंदीच्या टक्क्यांत - रिम इंचांत) एक फसगत होते. मागे १२०/८०-१८ च्या जागी एंड्युरोचा ११०/१००-१८ आणला, तर तो अरुंद असूनही व्यासाला जवळपास २८ मिमीने मोठा भरतो. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मडफ्लॅपपाशी जागा बघूनच घ्या. पुढे ९०/९०-२१ च्या जागी ८०/१००-२१ मात्र उंचीला जवळजवळ तोच.

मधला मार्गही आहे: पुढे नॉबी, मागे फिफ्टी-फिफ्टी. घसरलेलं मागचं चाक सावरता येतं, पुढचं सहसा नाही, आणि पुढच्या चाकाला ओढ नसल्याने टायर रिमवर तितका सरकत नाही. पावसाळ्यात मला ही जोडी पटते. बाकीचे आठ महिने दोन्हीकडे फिफ्टी-फिफ्टी असली तरी माझी तक्रार नसते. ज्याला दर रविवारी पंप मारायला आवडतो त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

कुठलाही घ्या, मागे ३ मिमीची जाड ट्यूब घाला, टाल्कम पावडर लावून. चढवताना कडेला साबणाचं पाणी, आणि समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्याने दाबून धरा, म्हणजे लिव्हरला जोर लागत नाही आणि ट्यूब चिमटत नाही. व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. टायर सरकायला लागला की व्हॉल्व्ह कलतो आणि तो कललेला वेळेवर दिसतो. तेव्हा हवा पूर्ण सोडा, टायर हाताने फिरवून मूळ जागी आणा, व्हॉल्व्ह सरळ करा, आणि पुन्हा भरताना आधीपेक्षा दोन पीएसआय जास्त.