काळी एक, काळी तीन: मिरजेहून आणलेली तंबोऱ्यांची जोडी

आधी व्यवहाराचं बोलते. जोडीचे ६२,००० रुपये, दोन फायबरच्या पेट्यांचे वेगळे ९,०००. सांगितले होते दोन महिने, लागले साडेचार. मोठा तंबोरा पहिल्या दिवसापासून गुणी, धाकट्याने मात्र अख्खा पावसाळा रडवलं. आता १४ महिने झालेत, नव्याची नवलाई ओसरली आहे, तेव्हा खरं काय ते लिहायला हरकत नाही. कारागिरांचं नाव देत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "नाव नका टाकू ताई. आत्ताच दिवाळीचं काम होळीला जातंय."

जोडीच का घेतली, ते सांगायला हवं. मी डोंबिवलीत गाणं शिकवते. माझी पट्टी पांढरी पाच, म्हणजे माझा सा हार्मोनियमच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर. मुलगा सातव्या वर्षापासून माझ्या मागे तंबोऱ्यावर बसायला लागला. आमच्याकडे पोराला स्टेजवर आणायची ही एकच रीत. गाशील का वगैरे कोणी विचारत नाही, हातात तंबोरा देतात आणि मागे बसवतात. किशोरीताई आमोणकरसुद्धा आई मोगूबाईंच्या मागे अशाच बसत आल्या, तिथे आमची काय कथा! एखाद्या वर्षाने आलापात मागून बारीक आवाज मिसळायला लागतो. गाणाऱ्याने वळून पाहायचं नसतं, पाहिलं की बंद होतो.

चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. वर्षभर घरात त्याने सासुद्धा लावला नाही, पण माझा कार्यक्रम असला की न सांगता गाडीत येऊन बसायचा आणि तंबोरा वाजवायचा. आवाज ठरला तो थेट खाली, काळी एकला. म्हणजे मायलेकांनी एकत्र गायचं तर पंचाईत. त्याच्या पट्टीत माझा मंद्र, म्हणजे खालचे सूर, तळघरात, माझ्या पट्टीत त्याचा तारसप्तक म्हणजे शेजाऱ्यांची तक्रार.

यावर तोडगा पंडित जसराजांनी काढून ठेवलेला आहे, जसरंगी नावाची जुगलबंदी. पुरुषाचा मध्यम (म) तो बाईचा षड्ज (सा). दोघं आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात. त्याने अभोगी घ्यायचा (खाली रेघ तो कोमल स्वर), सा रे ग॒ म ध. त्याच्या मध्यमाला मी सा म्हटलं की तेच पाच स्वर माझ्याकडे सा ग प ध नि॒ होतात, म्हणजे कलावती. त्याचा सा काळी एक, तर माझा काळी तीन. मला माझ्या सवयीच्या पट्टीपेक्षा फक्त अर्धा स्वर खाली यायचं होतं. पोरासाठी तेवढं उतरले.

आता तंबोऱ्यांची गंमत बघा. अभोगीत पंचम (प) नाही, म्हणून त्याचा मोठा तंबोरा मध्यमावर लावायचा. त्याची पहिली तार म्हणजे माझा सा. माझा तंबोरा पंचमावर, आणि माझा पंचम म्हणजे त्याचा सा. दोन्ही तंबोरे एकमेकांच्या घरातला स्वर बोलतात. हे कागदावर कळत होतं. पण जुना तंबोरा आणि मैत्रिणीकडून मागून आणलेला दुसरा घेऊन बसलो, तर दोघांचा सूर जुळेना. तारा जुळल्या तरी नाद जुळत नव्हता. म्हणून एका हाताची जोडी हवी होती.

महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे मिरजेत उतरलो. सतारमेकर गल्ली अजून डोळे चोळत होती. ही गल्ली जुनी. फरीदसाहेब शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे, तलवारींचे दिवस सरल्यावर तंतुवाद्यांकडे वळले, आणि त्यांच्या मागून इथे घराणीच्या घराणी या कामात उतरली. २०२४ साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच गावात, दर्ग्याच्या आवारात. मुलगा तिथे जाऊन हात जोडून आला आणि परत येऊन म्हणाला, "आई, भूक लागलीय."

कार्यशाळेत भोपळे छताला टांगलेले. पंढरपूरच्या बाजूने येतात, चांगले वाळलेले निवडून घ्यावे लागतात. दांडी तुणाच्या लाकडाची. नक्षी कमी सांगितली, पैसे नादाला घाला म्हटलं. कारागिरांना हे आवडलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी आम्हाला चहा सांगितला.

खरं बघण्यासारखं काम जवारीचं, म्हणजे घोडी घासून नाद खुलवण्याचं. साडेचार महिन्यांनी जोडी न्यायला गेलो तेव्हा ते समोर पाहिलं. तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी, वरून सपाट वाटते पण सपाट नसते. केसभर उतार असतो, तार त्यावरून घासत जाते, आणि त्या घासण्यातून तो भरलेला, उलगडत जाणारा नाद निघतो. कारागीर कानस दोनदा फिरवायचे, तारा चढवायचे, एकदा छेडायचे, मान हलवायचे, तारा उतरवायचे. पुन्हा कानस. मोठ्याला तीन तास गेले. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवला, बोटाने किंचित पुढे, किंचित मागे, आणि एका जागी तंबोरा अचानक बोलायला लागला. आतापर्यंत मोबाइलवर असलेल्या मुलाने मान वर केली. "आता म्हण सा," कारागीर त्याला म्हणाले. त्याने लावला. कारागिरांनी माझ्याकडे बघितलं, "पोराचा आवाज आहे ताई, ह्यो तंबोरा त्याला पुरंल."

धाकट्याच्या वाट्याला शेवटचा पाऊण तास आला, आमची परतीची गाडी होती. ते भोवलं. त्याची जवारी फार खुली राहिली. घरी लावला की कानाशी डास फिरल्यासारखा भणभणायचा. जुलैत खुंट्या फुगून अशा बसल्या की नवऱ्याला बोलवावं लागे, आणि एसीच्या हॉलमध्ये त्याच खुंट्या सुळकन सुटत. खडू लावला, तेव्हा कुठे धरायला लागल्या. फोनवर कारागिरांनी दोनदा धीराने समजावलं, "सूत जरा मागं घ्या ताई. न्हाई, तेवढं न्हाई. केसाएवढं." तिसऱ्या वेळी स्वतःच म्हणाले, चूक माझी, घेऊन या, पैसे नको. दिवाळीनंतर नेला, दुरुस्त होऊन आला, आता ठीक आहे. मोठ्यासारखा मात्र नाही. पेट्यांविषयी न बोललेलं बरं. एकीची मूठ कल्याण स्टेशनच्या जिन्यावर हातात आली, पेटी चार पायऱ्या घसरत गेली. तंबोरा वाचला, माझं काळीज नाही.

मुलगा सुरुवातीला म्हणत होता, फोनवर ॲप आहे, पेटीतला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे, ७१,००० कशाला घालतेस? रियाजाला मीही ॲपच लावते, खोटं कशाला बोलू. सूर पक्का असतो, तार तुटत नाही, हवामान बघत नाही. पण ॲप लावलं की मागे कोणी बसत नाही. आणि माझ्या घरातली दोन्ही पोरं मागच्या त्या जागेवरच शिकली आहेत.

दुसरी म्हणजे धाकटी, १२ वर्षांची. कोजागरीला सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही दोघांनी पहिल्यांदा जसरंगी गायली, तेव्हा मोठा तंबोरा तिच्याकडे होता. भोपळा मांडीवर घेतला की समोरून पोरगी दिसतच नाही, नुसती चार बोटं दिसतात. धाकटा तंबोरा माझ्या विद्यार्थिनीकडे. साउंडवाल्याने तंबोऱ्यांना माइक नको म्हणून वाद घातला, आम्ही जिंकलो.

संथ लयीतलं विलंबित बरं झालं. जलद द्रुतात मुलगा एक तान घेऊन असा काही त्याच्या षड्जावर येऊन थांबला की मी ऐकतच राहिले. माझी पाळी आली तेव्हा त्याचाच सा कानात भरलेला होता, आणि मी तोच धरून बसले. म्हणजे माझ्या पंचमालाच सा समजून निघाले. पहिल्या वळणालाच पाय घसरल्यासारखं झालं. पंचवीस वर्षं गातेय, आणि साठ लोकांसमोर मला माझा सा सापडेना. मुलाने चमकून बघितलं. तबलजींनी नजर डग्ग्याकडे वळवली, भला माणूस.

तेवढ्यात मागून मोठ्या तंबोऱ्याची पहिली तार जरा जोरात वाजली. पुन्हा एकदा. बाकीच्या तीन तारा मऊ, पहिली ठसठशीत. मध्यमाची तार, माझा सा. मी तो धरला, तालाचं एक आवर्तन सोडलं आणि बंदिशीच्या मुखड्यावर परत आले. पुढच्या रांगेतल्या काकूंना वाटलं मी मुद्दाम थांबले, वा म्हणाल्या.

घरी आल्यावर धाकटीला विचारलं, तार जोरात का वाजवलीस? ती पेटीचा पट्टा लावत म्हणाली, "तू दादाच्या सावर गेली होतीस ना."

तर, पाचपैकी मोठ्याला पाच, धाकट्याला साडेतीन, पेट्यांना एक. घ्यायला जाल तर परतीची गाडी रात्रीची ठेवा आणि दोन्हींची जवारी तुमच्यासमोर पुरती होईपर्यंत उठू नका. धाकटीला आता स्वतःचा तंबोरा हवा आहे. तिची पट्टी काळी पाच, तिथवर आमचा धाकटा ताणला तर तार तुटते. परवा मिरजेला फोन केला. दोन महिने म्हणालेत.