पंखा बंद, कुकर बंद: घरून कान तपासण्याचे आठ महिने

लेक दोन वर्षांची असताना यकृताच्या गाठीसाठी तिला सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषध दिलं होतं. आता ती नऊची. गाठ गेली, पण या औषधाने आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मरतात त्या परत येत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच आवाजाच्या. त्यामुळे हाक मारली की ती वळते, पण 'सात' म्हटलं की 'आठ' लिहिते. स तिला पुसटच.

दरवर्षी ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजायला, लातूर एक्स्प्रेसने मुंबई. आवाजबंद बूथमध्ये अर्धा तास, गाडीत दोन रात्री. यंदा हॉस्पिटलने टॅब आणि हेडफोन घरीच दिले. दर दोन महिन्यांनी तपासायचं, आलेख ऑडिओलॉजिस्ट मॅडमकडे जातो.

पहिली तपासणी वाया गेली. आजूबाजूला आवाज असला की टॅबवर लाल खूण येते. मी म्हटलं, पंख्याचा कसला आलाय आवाज! मॅडमचा फोन आला, "पंखा चालू होता का हो?" घरघरीत 250 आणि 500 हर्ट्झचे जाडे, खालचे आवाज बुडाले होते. आता लाइट गेली की आमच्याकडे कोणी वैतागत नाही, हेडफोन निघतात.

दुसऱ्या वेळी कान एकदम उत्तम! मग लक्षात आलं, आवाज सुटला की टॅबवर ठिपका चमकतो, माझी नजर तिकडे जाते आणि बाईसाहेब बटण दाबतात. तेव्हापासून तिला माझ्याकडे पाठ करून बसवते.

चौथ्या वेळी डाव्या कानात 8000 हर्ट्झला, म्हणजे अगदी उंच आवाजाला, 20 डेसिबलची घसरण. पोटात गोळाच आला. कानातले काढले, केस मागे घेतले, हेडफोन पुन्हा नीट बसवला. तो जरा सरकला तरी उंच आवाजाचे आकडे बिघडतात. 8000 सावरलं, पण 6000 दोन्ही कानांत खालीच. मुंबईच्या बूथमध्येही तेच निघालं. औषध थांबून इतकी वर्षं झाली तरी! वार्षिक तारखेला अजून सहा महिने होते.

तक्रारी आहेत. सूचना इंग्रजी-हिंदीतच. हेडफोनची गादी फाटली, ती बदलून यायला तीन आठवडे लागले. सर्दीने कानाच्या पडद्यामागे पाणी साचलंय की खरंच ऐकू कमी झालंय, हे टॅब सांगत नाही. श्रवणयंत्र बसवायलाही शेवटी मुंबईच गाठावी लागली.

पण किट परत देणार नाही. पुढची तपासणी रविवारी पहाटे, दूधवाला यायच्या आत.