महाबळेश्वरच्या उतारावरील चार खोल्यांचे निवास: पाणी येते कुठून आणि जाते कुठे

महाबळेश्वर गावातून क्षेत्र महाबळेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला असलेल्या या निवासात आम्ही चौघे मे महिन्यात तीन रात्री राहिलो. बांधकाम परवानग्यांचे नकाशे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे खोलीतल्या गाद्या आणि न्याहारी यांच्याआधी माझे लक्ष पाया, उतार आणि सांडपाणी यांकडे जाते. हा अभिप्रायही त्याच क्रमाने लिहीत आहे. गाद्या स्वच्छ होत्या आणि न्याहारी उत्तम होती, तेव्हा त्याविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 साली केंद्र सरकारने 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून येथे शेती, बागायत आणि हिरव्या पट्ट्यातील जमीन सहजासहजी बांधकामाखाली आणता येत नाही, तीव्र उतारावर बांधता येत नाही, झाडे तोडण्यावर बंधन आहे आणि प्रक्रिया न केलेले सांडपाणी बाहेर सोडता येत नाही. भूजलाचा उपसा त्या जागेवर राहणाऱ्याच्या शेतीसाठी आणि घरगुती वापरासाठी असावा, त्याची विक्री होऊ नये, असाही या अटींचा रोख आहे. अनेकांना या अटी म्हणजे कागदी अडवणूक वाटते. परंतु येथील जमीन पाहिली की त्यांचे कारण लगेच कळते. वर जांभा आहे आणि खाली काळा कातळ. सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी पोटात घेतो, ते पाणी कातळापर्यंत उतरते आणि जेथे हे दोन थर उतारावर उघडे पडतात तेथे झरा होऊन बाहेर येते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम याच डोंगरावर आहे. त्यामुळे येथे उतार कापला तर झरा तुटतो आणि शोषखड्डा चुकीच्या जागी खणला तर त्यातली घाण खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्यात उतरते.

या निवासाच्या मालकांनी उतार कापलेला नाही, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. चारही खोल्या दगडी खांबांवर उचललेल्या असून त्यांच्याखालून पावसाचे पाणी पूर्वीच्याच वाटेने जाते. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडला आणि परिसरातले रस्ते, उतार आणि शेते ठिकठिकाणी वाहून गेली. त्या पावसात खालच्या बाजूची माती जागची हलली नाही, असे शेजारच्या वाडीतल्या एका आजींनी मला सांगितले. पडवीच्या लाकडी फळ्यांमधून एक जुने जांभळाचे झाड वर आले आहे. त्याच्या बुंध्याभोवती चार बोटे मोकळी जागा ठेवली असून ती सिमेंटने बुजवलेली नाही. दरवर्षी खोड जाडावते तशा फळ्या तासून घेतात, हे तिथल्या सुतारकामाच्या ताज्या खुणांवरून दिसत होते. भोवतालचे हिरडा आणि अंजनीचे रानही शाबूत आहे. पावसाळ्यात भिंती सांभाळण्यासाठी प्लास्टिकचे कापड न लावता येथल्या जुन्या रीतीप्रमाणे गवताच्या झडी बांधतात. त्या मे महिन्यातच विणून मागच्या पडवीत रचून ठेवल्या होत्या.

सांडपाण्याची व्यवस्था मी मुद्दाम पाहायला मागितली आणि व्यवस्थापकांनी ती कोणतेही आढेवेढे न घेता दाखवली. आधी बंद टाकी, मग खडी-वाळूचा लांबट वाफा आणि त्यात दाट कर्दळ. शेवटच्या हौदातले पाणी मी बादलीत काढून पाहिले. ते स्वच्छ होते, त्याला वास नव्हता आणि तेच बागेला घालतात.

माझी तक्रार आहे ती येणाऱ्या पाण्याविषयी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला टँकर उलटा वळत वर आला. विचारल्यावर व्यवस्थापक म्हणाले, "काका, फेब्रुवारीनंतर आमची विहीर साथ देत नाही. खालच्या एका शेतातून आणावं लागतं." ते प्रामाणिकपणे बोलले याचा मला आदर आहे, पण ज्या अटीवर या डोंगराचे झरे टिकून आहेत तीच अट येथे मोडते. त्या शेताच्या पलीकडे वाडीच्या बायका दुपारी झऱ्यावर हंडा भरायला अर्धा-अर्धा तास थांबलेल्या मी स्वतः पाहिल्या. आपल्या आंघोळीचे पाणी त्यांच्या हंड्यातून येत असेल तर अशी सुट्टी मला नको.

यावर उपाय नाही असेही नाही. छपराचे क्षेत्र माझ्या अंदाजाने 150 चौरस मीटर आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे या छपरावरून दर पावसाळ्यात 8 लाख लिटरहून अधिक पाणी उतरते. साठवणाची टाकी मात्र 30 हजार लिटरची आहे. आठ पाहुणे आणि दरडोई दीडशे लिटर धरले तरी फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची गरज सुमारे 1 लाख 44 हजार लिटर होते. आठ मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटर खोल टाकीत 1 लाख 40 हजार लिटर पाणी मावते आणि उरलेली गरज जुन्या टाकीतून भागते. नवा उतार न खणता ही टाकी गाड्या लावण्याच्या आधीच सपाट केलेल्या जागेखाली बसू शकते. हा हिशेब मी कागदावर मांडून मालकांना दिला आहे. त्यांनी तो अभियंत्याला दाखवण्याचे कबूल केले.

आणखी एक लहान गोष्ट. दरीकडे तोंड केलेले दोन प्रखर दिवे रात्रभर चालू असतात. ते खाली वळवून दहा वाजता बंद करावेत, कारण समोरचे सगळे रान आहे आणि तेथे शेकरूचा वावर आहे.

पाच पैकी साडेतीन गुण देत आहे. टाकी झाली तर साडेचार देईन. जाणाऱ्यांनी आरक्षण करतानाच पाणी कुठून येते हे विचारावे, आणि शक्य असल्यास नोव्हेंबर ते जानेवारीत जावे. त्या दिवसांत विहीर भरलेली असते आणि टँकर येत नाही. शेवटचा 400 मीटर रस्ता मातीचा आहे. तो डांबरी करू नये अशी माझी विनंती आहे. लहान गाडी वरच ठेवून चालत उतरणे सोयीचे पडते.