होमगर्ल कॅफे, लॉस एंजेलिस : चिलाकिलेस, कोन्चा आणि टोळीतून बाहेर पडलेल्या मुली

लॉस एंजेलिसला लेकीकडे येणाऱ्या आईवडिलांचा फेरा ठरलेला असतो. हॉलिवूड, युनिव्हर्सल, मालिबूचं बालाजी मंदिर, मग आर्टेशियात जाऊन चाट आणि साडीची दुकानं. या यादीत एका जागेची भर घाला, असं मी मनापासून सांगेन. चायनाटाउनच्या कडेला ब्रूनो स्ट्रीटवर होमगर्ल कॅफे आहे आणि त्याच इमारतीत होमबॉय बेकरी. इथे ताट आणून देणाऱ्या, कॉफी ओतणाऱ्या, पाव भाजणाऱ्या मुलीमुलांपैकी बहुतेक जण पूर्वी या शहरातल्या टोळ्यांमध्ये होते. बरेच जण तुरुंगातून सुटून आले आहेत. होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था हे सगळं चालवते.

आधी खाण्याचं सांगते, कारण दया म्हणून जेवायला जावं अशी ही जागा नाही. चिलाकिलेस मागवा. मक्याच्या टॉर्टियांचे, म्हणजे तिथल्या पातळ पोळ्यांचे, तुकडे तळून साल्सात घोळवतात, वर चीज, क्रीम आणि हवं तर अंडं. आपल्या फोडणीच्या पोळीचंच हे मेक्सिकन भावंड, कालचं उरलेलं आज चवीने खायचं. यात सगळी करामत वेळेची असते. दोन मिनिटं जास्त झाली की लगदा, कमी झाली की नुसते चिप्स. माझ्या ताटातले तुकडे मधे मऊ आणि कडेला कुरकुरीत होते, साल्साला हिरव्या मिरचीचा खरा झणका होता. अमेरिकेत हॉटेलात बसून तिखटाने नाक वाहायला लागणं माझ्या बाबतीत क्वचितच होतं. सोबत 'अँजेलाज ग्रीन पोशन' नावाचं पालक-पुदिन्याचं हिरवंगार लिंबू सरबत घ्या. पालक ऐकून लेकीने तोंड वाकडं केलं होतं, मग माझाच ग्लास तिने रिकामा केला.

शाकाहारी मंडळींसाठी : मेक्सिकन स्वयंपाकात बीन्स बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. त्यामुळे कुठल्याही मेक्सिकन हॉटेलात विचारूनच मागवावं, इथेही विचारा. मुली न कंटाळता आत जाऊन चौकशी करून येतात. किंमत म्हणाल तर या शहरात सकाळच्या खाण्याला सगळीकडे जेवढे पडतात तेवढेच. बेकरीतून कोन्चा बांधून घ्या. तो गोडसर पाव, वर साखरेचा जाड थर आणि त्यावर शिंपल्याच्या रेघा. चहात बुडवायला अगदी योग्य, आणि दुसऱ्या दिवशी किंचित गरम केला की पुन्हा ताजा.

मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होते, आणि नोकरीतली बरीच वर्षं कॅज्युअल्टीत काढली. त्यामुळे माझी नजर आधी माणसाच्या कातडीवर जाते. आमच्या टेबलावरची मुलगी पंचविशीची असेल. केस घट्ट बांधलेले, एप्रन स्वच्छ. पाण्याचा जग धरलेल्या हाताच्या बोटांवर अक्षरं होती, पण पुसट, शाई अर्धवट उडालेली. मानेच्या डाव्या बाजूला बारीक गॉज, त्याच्या कडेने लाल झालेली त्वचा आणि एक-दोन फोड. मी विचारलं, "लेझर?" ती हसली, म्हणाली, "हो, इथेच काढतात." मी फोड फोडू नको, ऊन लागू देऊ नको म्हटलं. तिने मान हलवली, डॉक्टरांनीही हेच सांगितलंय म्हणाली. आपली लेक शाळेत जायला लागायच्या आत मानेवरचं सगळं जायला हवं, एवढं एकच तिने आपणहून सांगितलं. मग शेजारच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेली.

ही लेझरची सोय या जागेचा कणा आहे, असं मला वाटतं. टोळीचं नाव मानेवर किंवा कपाळावर गोंदलेलं असलं की नोकरी देणारा दारातूनच परत पाठवतो, आणि विरुद्ध टोळीचा पोरगा बसस्टॉपवर ओळखतो. लेझरने शाईचे बारीक कण होतात आणि शरीर ते हळूहळू वाहून नेतं. म्हणून दोन बैठकांमध्ये काही आठवडे जाऊ द्यावे लागतात, मोठं गोंदण जायला वर्ष-वर्ष लागतं. दर वेळी चटका बसतो. बाहेर याला हजारो डॉलर मोजावे लागतात. इथे ते फुकट होतं, डॉक्टर वेळ काढून विनामोबदला येतात. जी बाई किंवा पोरगा महिनोन् महिने तो चटका सोसायला परत येतो, त्याने टोळी सोडलीय की नाही याची परीक्षा आणखी कशाला घ्यायची?

हे सगळं सुरू झालं ते इथून थोड्याच अंतरावर, नदीपलीकडच्या बॉइल हाइट्समध्ये. ग्रेग बॉइल हे जेझुइट पाद्री 1986 साली डोलोरेस मिशन या चर्चमध्ये आले. शहरातली ही तेव्हाची सगळ्यात गरीब पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. आजूबाजूला अॅलिसो व्हिलेज आणि पिको गार्डन्स या सरकारी वसाहती, आणि त्यांत एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आठ टोळ्या. 1988 पासून बॉइल यांच्यावर मुलांचे दफनविधी करायची वेळ येऊ लागली आणि पुढच्या वर्षांमध्ये तो आकडा दोनशेच्या वर गेला. 1992 साली एकट्या लॉस एंजेलिस शहरात हजाराहून जास्त खून झाले.

बॉइल यांचं नाव आज जगभर झालंय, 2024 मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदकही मिळालं. पण मला जास्त महत्त्वाच्या वाटतात त्या पॅरिशमधल्या आया. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या, लोकांच्या घरची धुणीभांडी आणि शिवणकामं करणाऱ्या बायका. त्या रात्री घोळक्याने वसाहतीत फिरायच्या, प्रार्थना म्हणत, गाणी गात, दोन टोळ्यांच्या हद्दींच्या मधून. पोरांना खायला घेऊन जायच्या. पोलिसांनी मुलांना बडवलं तर त्याचाही जाब विचारायच्या. टोळीतल्या पोरांना शाळा घेत नव्हत्या, तर चर्चने आपल्याच आवारात त्यांच्यासाठी शाळा काढली. मग कळलं की पोरं शाळेइतकंच काम मागतायत. या आया आसपासच्या कारखान्यांवर मोर्चा घेऊन गेल्या : आमच्या मुलांना काम द्या. फार थोड्यांनी दार उघडलं. तेव्हा चर्चनेच कामं काढली, पाळणाघर बांधायचं, भिंतींवरची रंगरंगोटी पुसायची, बागा साफ करायच्या. वैरी टोळ्यांच्या पोरांना एकाच गटात घालून. 1992 मध्ये शहरात उसळलेल्या मोठ्या दंगलीनंतर चित्रपट निर्माते रे स्टार्क यांनी पैसे दिले आणि चर्चसमोरची एक जुनी बेकरी घेतली गेली. 1999 मध्ये ती आगीत गेली, पुन्हा उभी राहिली. 2007 पासून सगळं चायनाटाउनच्या या इमारतीत आहे. होमगर्ल कॅफे सुरू केलं पॅट्रिशिया झाराते यांनी, तेही आधी बॉइल हाइट्समध्येच, छोट्याशा जागेत.

मला यातली एक गोष्ट फार पटते. सुरुवातीला बॉइल टोळ्यांमध्ये समेट घडवायचे, सायकलवरून या गल्लीतून त्या गल्लीत निरोप न्यायचे. नंतर त्यांनी ते बंद केलं. तह करायचा म्हणजे टोळीला एक पक्ष म्हणून मान द्यायचा, त्यावर तिचाच रुबाब वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून इथे टोळीशी बोलणी नाहीत. एकेका माणसाशी बोलतात. संस्थेचं जुनं घोषवाक्य आहे, त्याचा अर्थ असा की बंदुकीची गोळी थांबवायला नोकरीसारखं दुसरं काही नाही.

हे वाक्य मी वाचलं आणि मला आमचं गिरणगाव आठवलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना गिरणीचं दार परत दिसलं नाही. बापाचा भोंगा बंद झाला तेव्हा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा होता. आमच्या चाळीतल्या अशा पोरांना नाक्यावर कोण कोण भेटायचं, हे सगळ्यांना माहीत होतं. भायखळ्याची दगडी चाळ काही लांब नव्हती. आठ-दहा वर्षांनी तीच पोरं रात्रपाळीला माझ्यासमोर स्ट्रेचरवर यायची. चॉपरचे वार, पोटात गोळी. हातावर आईचं नाव गोंदलेलं. आया बाहेर बाकावर बसायच्या. आमच्याकडच्या आयांनी काय केलं? ज्यांचं कोकणात घर होतं त्यांनी पोराला गावाला पाठवलं. काहींनी लग्न लावून दिलं. बाकीच्या बाकावर बसून राहिल्या. त्यांचा दोष नाही, एकेकटी बाई आणखी काय करणार? पण एकदा केस झालेल्या पोराला कामावर ठेवणारी जागा लालबाग-परळमध्ये मी तरी पाहिली नाही. चारित्र्याचा दाखला आणा म्हटलं की विषय संपायचा.

इथे नेमकं त्याच पोराला आधी घेतात. हा कार्यक्रम दीड वर्षाचा असतो. पहिल्या दिवसापासून पगार मिळतो, आणि पगाराच्या वेळातच समुपदेशन, व्यसनमुक्ती, शाळेची राहिलेली परीक्षा, कोर्टाची कामं, आईबाप म्हणून कसं वागायचं याचे वर्ग. कुणाला झाडू-पोछा, कुणाला बेकरी, कुणाला कॅफे. ज्याच्यावर पूर्वी गोळी झाडली असती त्याच्याच शेजारी उभं राहून पीठ मळायचं. कॅफेत बसलं की खिडकीतून स्वयंपाकघर थोडं दिसतं. दोन मुली एका मोठ्या पातेल्याची दोन टोकं धरून ते उचलत होत्या, एकीच्या मनगटावर एक आकडा, दुसरीच्या मनगटावर वेगळा. इथले लोक त्या आकड्यांवरून गल्ली ओळखतात. दोघींचं सगळं लक्ष पातेल्यातलं गरम काही सांडू नये याकडे होतं.

सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. 2010 मध्ये पैसे संपले आणि तीनशेच्या आसपास लोकांना कामावरून कमी करावं लागलं. त्यातले कितीतरी जण बिनपगारी येत राहिले. आजही कॅफे आणि बेकरीच्या कमाईतून खर्चाचा काही भागच निघतो, बाकी देणग्यांवर चालतं. कुणी म्हणेल, धंदा म्हणून हे पायावर उभं नाही. मी म्हणेन, रुग्णालयाच्या कँटीनने ऑपरेशन थिएटरचा खर्च काढावा अशी अपेक्षा कुणी करत नाही. आणि काही मुलं परत टोळीत जातात, काही मारली जातात. ज्या संस्थेचा संस्थापक दोनशेवर दफनविधींबद्दल उघडपणे बोलतो ती काही लपवत नाही.

आमचे जावई निघण्यापूर्वी जरा बिचकले होते. "आई, मुलांना घेऊन जायचं का तिथे?" मी म्हटलं, "तुम्ही चला तर खरं." आत गेल्यावर पाहिलं तर शेजारी कोर्टकचेरीतले वकील, पलीकडे शाळेची सहल, एका टेबलावर नऊवारीसारखाच काष्ट्याचा घोळ सांभाळत बसलेल्या एक बौद्ध भिक्षुणी. नात तर काउंटरवरच्या मुलाशी कुकीवरून घासाघीस करून आली. तिला एक जास्तीची मिळाली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. मेट्रोच्या ए लाइनचं चायनाटाउन स्टेशन जवळच आहे, युनियन स्टेशनहून एकच थांबा, गाडी नसली तरी अडत नाही. ही सकाळ-दुपारची जागा आहे, रात्रीचं जेवण मिळत नाही, तेव्हा वेळ बघून निघा. जमलं तर आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जा. त्या वेळी खालच्या मोठ्या दालनात सगळे जमतात, घोषणा होतात, कुणाचा वाढदिवस, कुणाला मुलाचा ताबा परत मिळाला, आणि एक जण उभा राहून दोन शब्द बोलतो. संस्था आतून बघायची असेल तर फेरी आधी ठरवता येते, फेरी घडवणारे त्याच कार्यक्रमातले असतात. त्यांना काय विचारायचं ते विचारा, पण कुणाच्या गोंदणाचा फोटो काढू नका. बरेच जण ते पुसायच्या मार्गावर आहेत, आणि त्यांचा तो चेहरा तुमच्या फोनमध्ये राहायला नको. टिप सढळ हाताने द्या. आणि कोन्चा चार नाही, आठ घ्या. घरी पोचेपर्यंत चार उरत नाहीत.