निवृत्तीची तारीख सांगणारा कॅल्क्युलेटर : सहा वर्षांच्या वापरानंतर

आर्थिक स्वातंत्र्य आणि लवकर निवृत्ती, म्हणजे ‘फायर’ (Financial Independence, Retire Early), याचं गणित मांडून देणारा एक मोफत कॅल्क्युलेटर मी सहा वर्षं वापरतेय. पगार झाला की पहिल्या रविवारी आकडे भरायचे, हे ठरलेलं.

पहिल्याच दिवशी त्यानं माझे डोळे उघडले. महागाई वजा जाता 5 टक्के परतावा धरला आणि शून्यापासून सुरुवात केली, तर मिळकतीच्या 10 टक्के वाचवणाऱ्याला निवृत्त व्हायला 51 वर्षं लागतात, 30 टक्के वाचवणाऱ्याला 28 आणि निम्मी मिळकत वाचवणाऱ्याला 17. पगार किती, याला इथे महत्त्वच नाही! खर्च कमी केला की बचत वाढते आणि गाठायची रक्कमही खाली येते. तोवर मी नुसती पगारवाढीच्या मागे होते.

खटकलेली गोष्ट म्हणजे तो डोळे मिटून वार्षिक खर्चाच्या 25 पट रक्कम धरतो. त्यामागचा 4 टक्क्यांचा नियम (पहिल्या वर्षी जमलेल्या रकमेतले 4 टक्के काढायचे, पुढे दरवर्षी तेवढेच, महागाईपुरते वाढवून) अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी 1994 मध्ये अमेरिकी बाजाराच्या जुन्या आकड्यांवरून मांडला, तोही 30 वर्षं पैसे पुरावेत म्हणून. पासष्टीला थांबणाऱ्याला तेवढं ठीक आहे. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला पन्नास वर्षंही काढावी लागतील. त्यातून सुरुवातीलाच बाजार पडला तर? 100 मधले 4 काढले आणि उरलेले 30 टक्क्यांनी घसरले, की हातात राहतात 67. पुढच्या वर्षी तेच 4 काढणं म्हणजे जवळपास 6 टक्के. म्हणून मी 33 पट धरते.

गेल्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. मी सात महिने बिनपगारी रजा घेतली. ते आकडे भरल्यावर निवृत्तीची तारीख सव्वा वर्ष पुढे गेली आणि शेजारी लाल अक्षरांत आलं : ‘उशीर’. मला फार राग आला. उशीर कसला? पैसे साठवले ते याचसाठी. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटांनी पुन्हा चमचा धरला, तेव्हा मी समोर बसले होते. रजा मागताना माझा आवाज कापला नाही, कारण नोकरी गेली असती तरी चार वर्षं निघाली असती.

हा आकडा कॅल्क्युलेटर दाखवतच नाही. जमलेली रक्कम भागिले महिन्याचा खर्च, इतकं साधं गणित. मी ते वहीत करते. आता तारखेआधी तेच बघते.

आर्थिक स्वातंत्र्यासाठी याला पाचपैकी पाच, लवकर निवृत्तीसाठी दोन. वापरणार असाल तर परताव्याच्या रकान्यात महागाई वजा करूनच आकडा भरा. ती सूचना खाली बारीक अक्षरांत आहे. मी पहिले 14 महिने सरळ 10 टक्के भरत होते, आणि चुकीच्या तारखेवर मनात बेत रचत होते.